इंजिनावरचं नाव

आमच्या घरात कुणावर पटकन विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. दूधवाला दारात आला की आई आधी मापात बोट बुडवून बघायची, मग पातेलं पुढे करायची. भाजीवालीने तराजू उचलला की हिचं लक्ष भाजीवर नसायचं, भाजीवालीच्या करंगळीवर असायचं. तिची नोकरीही तसलीच. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत ती चेकिंगला होती. समोरच्या पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरकत यायची आणि त्यातली फुटकी, रिकामी, वाकडी तिने बघता बघता उचलून बाजूला टाकायची. दिवसभर हेच. मग घरी येताना ती नजर काय कंपनीच्या गेटवर ठेवून येणार? पप्पांना उशीर झाला तर ती विचारायची काही नाही, नुसती बघायची, आणि पप्पा आपण होऊन तीन-चार कारणं सांगून मोकळे व्हायचे. एकच सांगितलं असतं तर खपलं असतं. चार सांगितली की मेले.

हा स्वभाव माझ्यातही पुरता उतरलाय. आज बदलापुरात सोनिवलीच्या बाजूला माझा स्वतःचा फ्लॅट आहे, केस पिकायला लागलेत, तरी कुरिअरवाला पाकीट देतो तेव्हा मी ते आधी कानाशी हलवून बघते. नवरा म्हणतो, तू शंभर टक्के तुझ्या आईची मुलगी. मी म्हणते, हो, म्हणूनच तुझं घर अजून कुणी लुटलेलं नाही.

आईचा जीव कशात असेल तर भांड्यांत. तिच्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं. ताटं, वाट्या, डबे, अगदी पाणी तापवायच्या बंबाच्या झाकणावरसुद्धा. उल्हासनगरला भांड्यांच्या बाजारात दुकानाबाहेर पाटावर नाव घालणारे बसायचे. हातात छोटी हातोडी आणि टोकदार छिन्नी. टकटक टकटक करत ते 'सौ. कमल' काढायचे आणि हौस म्हणून बाजूला एक फूल आणि दोन पानांची वेल. शेजारणीकडे कालवणाची वाटी गेली की परत येताना आई ती उलटी करून नाव बघायची, मग आत ठेवायची. आणि तिचा एक नियम होता. नाव घातलेलं भांडं मोडीत घालायचं नाही. बूड फुटलं, कान तुटला, तरी नाही. आमच्या पोटमाळ्यावर भोकं पडलेल्या पातेल्यांची अशी रास होती की पावसाळ्यात छप्पर गळलं तर खाली ठेवायला एकही उपयोगाचं नव्हतं. पप्पा म्हणायचे, "अगं, दे की त्या मोडवाल्याला." आई म्हणायची, "नाव आहे माझं त्यावर. आपलं नाव कुणी भंगारात देतं का?"

आता गाडीकडे येते. ती अँबॅसेडर आईच्या बाबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. ते मुंबईला एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी आजोबांनी मागून घेतली, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर मुलाला न देता मुलीला दिली. मामा त्यावरून रुसला तो कायमचाच. देताना आजोबा पप्पांना एवढंच म्हणाले होते, "जावईबापू, पत्रा गंजला तर गंजू द्या. इंजिन जपा. ते मी माझ्या हाताने बांधलंय." आमच्या वस्तीत तेव्हा दुसरी गाडी नव्हती. विहारात लग्न लागलं की नवरी आमच्याच गाडीतून निघायची, मग ती कुणाची का लेक असेना. बोनेटवर झेंडूच्या माळा, स्टिअरिंगवर पप्पा, डोळ्यांवर काळा गॉगल. एरवी ते पाणी खात्यात साधे कारकून. ऑफिस कल्याणला होतं आणि वस्तीतले तिघे-चौघे पेट्रोलला हातभार लावून त्यांच्याबरोबर गाडीने जायचे. ओल्या चपलेने कुणी आत पाय ठेवला तर पप्पा त्याला परत उतरवून चप्पल पुसायला लावायचे. साहेब असला तरी.

संध्याकाळी शिवमंदिराकडून आमच्या गल्लीत वळताना गाडी दुसऱ्या गिअरवर यायची, आणि तो घरघराट सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. शेजारच्या सुमनकाकू सांगायच्या, "तुझी आई नवी नवी होती ना, तेव्हा आवाज ओळखून तवा ठेवायची. गाडी दारात आणि भाकरी ताटात. आम्ही हसायचो हिला." माझ्या आठवणीत मात्र असं कधीच झालं नाही. पप्पा यायचे, हातपाय धुऊन पाटावर बसायचे, आणि मग आई पीठ काढायला उठायची. रिकाम्या ताटासमोर बसून ते आधी कांदा खायचे, मग सुकटीची चटणी नुसतीच चाटायचे, आणि चटणी अर्धी संपली की पहिली भाकरी यायची. एकदा मी आईला म्हटलं, "सुमनकाकू म्हणते तसं आधी का नाही करत?" तर म्हणाली, "मला काय स्वप्न पडतं तुझा बाप कधी येतो ते?" पप्पा लगेच म्हणाले, "मला कुठे घाई आहे?" त्यांचं पोट त्याच वेळी गुरगुरलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा गाडीने मान टाकली. जयंतीच्या मिरवणुकीत आमची गाडी सगळ्यांत पुढे असायची, बोनेटवर हाराने झाकलेला फोटो, मागे लेझीम, त्यामागे बायका पांढऱ्या साड्यांत. त्या वर्षी गाडीने असा काही निळा धूर सोडला की लेझीमवाली पोरं खोकून खोकून रस्त्याच्या कडेला बसली. कुणीतरी ओरडलं, "अहो, डासांची गाडी पुढे कशाला लावली?" सगळे हसले. पप्पाही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या. आईने घरी आल्यावर भांडी आपटली नाहीत. मटणाचा रस्सा वाढता वाढता शांतपणे म्हणाली, "इंजिनाचं काम काढा. बांधून घ्या नीट. बाबांचं इंजिन आहे."

यावर पप्पांनी पटकन हो म्हणायला हवं होतं. ओल्या चपलेवरून लोकांना उतरवणारा माणूस! पण ते रश्श्यात भाकरी कुस्करत म्हणाले, "मी म्हणतो, आता डिझेलच टाकूया. सगळ्या अँबॅसेडरवाल्यांनी टाकलं. हे उतरवायचं, देऊन टाकायचं, तयार डिझेल इंजिन बसवायचं. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर."

"देऊन टाकायचं म्हणजे? बघायचंसुद्धा नाही काय झालंय ते?"

"त्याचे पार्ट मिळत नाहीत गं. कारागीर राहिले नाहीत. शिवाय पेट्रोल परवडत नाही. आणि हरू पण तेच म्हणत होता."

चार कारणं. आईने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं.

हरू म्हणजे हरूमल, उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये त्याचं गॅरेज. पप्पा गाडी त्याच्याशिवाय कुणाकडे नेत नसत. उल्हासनगरबद्दल आमच्याकडे एक ठरलेली थट्टा होती. म्हणजे वस्तू फार सुंदर दिसली की म्हणायचं, नक्की उल्हासनगरची. तिथे काय हवं त्याची हुबेहूब नक्कल मिळते असा सगळ्या पट्ट्यात लौकिक, आणि तिथले लोकही ते हसून सांगायचे. पुढच्या रविवारी आई आणि मी पप्पांबरोबर गेलो. हरू अंकल बनियनवर होते, पोट पुढे, कानात अत्तराचा बोळा. "आओ साईं! अरे भाभी, तुम्ही पण? बसा, बसा. चाय घेणार?" टेम्पोला बांधून आणलेली गाडी अजून फाटकाबाहेरच उभी होती. खुर्चीवर बसायच्या आधी ते म्हणाले, "भाभी, हे इंजन गेला. डिझेल टाका. मख्खन चालेल."

आई म्हणाली, "बोनेट तरी उघडा की."

"खोलून काय करायचं? आवाज से समझ में आता है."

"चालू कुठे केलीय अजून?"

हरू अंकलनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी गॅरेजच्या छपराकडे बघितलं. छपरात बघण्यासारखं काही नव्हतं. परत येताना रिक्षात आई माझ्या कानाशी म्हणाली, "डॉक्टरने पेशंट रिक्षातून उतरायच्या आधीच मयत सांगितला. आणि नातेवाईक रडायचं सोडून मान डोलावतोय. काहीतरी पाणी मुरतंय."

मग मलाही चेव चढला. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या काकांना जुन्या गाड्यांचा नाद. तो म्हणाला, मुंबईचे शौकीन लोक असल्या गाड्यांची असली इंजिनं शोधत फिरतात, गुपचूप उचलून नेतात आणि मालकाला पत्ता लागत नाही. झालं! माझ्या डोक्यात सगळं चित्र तयार झालं. पप्पांनी आजोबांचं इंजिन कुणाला तरी कबूल केलंय. हरू अंकल मधला दलाल. म्हणून कुणाला न दाखवता घाईघाईने उतरवायचंय. मी पप्पांचे खिसे तपासले, सुपारीचं खांड सापडलं. त्यांचा नवा मोबाईल बघितला, त्यातला 'हरू' नावाचा नंबर फारच वेळा दिसत होता. आंघोळीला गेले की मी मोबाईल उचलायचे. त्या दिवसांत आमच्याकडे वीज जायची फार, तर अंधारात पप्पा अंगणात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायचे. मी खिडकीला कान लावायचे. "नाही रे बाबा... ती ऐकत नाही... तू काहीतरी कर," एवढं एकदा स्पष्ट ऐकलं. बापाबद्दल असा विचार करताना मला वाईट वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण गाडी आईची होती. तिला तिच्या बाबांकडून मिळालेली तीच एक गोष्ट होती, बाकी सगळं मामाने ठेवून घेतलं होतं. ते इंजिन कुणी तिच्या नाकाखालून नेलं असतं तर ती कुणाला बोलली नसती आणि आतल्या आत झुरली असती, हे मला ठाऊक होतं.

आईने एके दिवशी जेवताना विषय संपवला. बोंबलाचं कालवण होतं. ती म्हणाली, "इंजिन उतरवा. पण उघडायचं माझ्यासमोर. मी रजा टाकते. मग बांधायचं की टाकायचं, मी ठरवीन."

"तू कशाला रजा मोडतेस? मी आहे ना."

"असू दे. तो हरू दुसरंच काहीतरी पुढे करील. मला काय फसवता येणार नाही म्हणा, बाबांनी माझं नाव घातलंय त्यावर."

पप्पांचा घास हातातच राहिला. "नाव? कशावर?"

"इंजिनावर. गाडी मला दिली ना, तेव्हा घालून घेतलं त्यांनी. डाव्या अंगाला, खालच्या बाजूला. तेलकटाखाली असेल आता. 'कमल' म्हणून."

"मी कधी नाही बघितलं."

"तुम्ही कशाला बघाल? भांड्यावरचं तरी कधी बघितलंत?"

मला तर फार बरं वाटलं. आता कुणाची टाप आहे, म्हटलं, अदलाबदल करायची! पप्पा मात्र त्या दिवसापासून बिघडले. गाडी हरू अंकलकडेच होती, इंजिन उतरलं असा निरोप आला, पण उघडायचा दिवस काही उजाडेना. आधी हरूला ताप आला. मग हरूच्या मेहुण्याचं लग्न निघालं. मग गॅरेजच्या गल्लीत वीज नाही. मी आईला म्हटलं, "ही तीन झाली." आई वाटाणे सोलत होती. म्हणाली, "चौथं येऊ दे."

त्याच आठवड्यात उल्हासनगरला कॉलेजमधून निघाले तर भांड्यांच्या बाजाराच्या नाक्यावर मला पप्पा दिसले. ऑफिसच्या वेळेत! बरोबर एक म्हातारा, डोक्यावर मळकी टोपी, काखेत फडक्यात गुंडाळलेली छोटी लाकडी पेटी. दोघं रिक्षात बसले आणि रिक्षा कॅम्प नंबर चारच्या दिशेने वळली. हाच तो इंजिन बघणारा, पारख करायला आणलाय, पेटीत हत्यारं असणार. मी धावतपळत घरी आले आणि आई कंपनीतून आल्या आल्या दारातच तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती पदर खोचून निघेल. ती चप्पल काढता काढता थांबली, म्हणाली, "टोपीवाला म्हातारा? पेटी घेतलेला?" आणि तोंडाला पदर लावून आत गेली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. मी पप्पांशी दोन दिवस धड बोलले नाही.

शेवटी दिवस ठरला. पप्पा आपण होऊन म्हणाले, "चला, बघून घ्या एकदाचं." चेहरा आता एकदम निवांत. गॅरेजात इंजिन दोन लाकडी ओंडक्यांवर बसवून ठेवलेलं, अंगावर काळं ग्रीस जाड थापलेलं. हरू अंकलनी खुर्च्या पुसून दिल्या, चहा आधीच सांगून ठेवलेला. "भाभी, आपके सामने खोलूंगा. एकदम ट्रान्सपरंट." आईने चहाला हात लावला नाही. पर्समधून घरचं फडकं काढलं, ते घरून घेऊन आली होती हे मला तेव्हा कळलं. "रॉकेल द्या जरा," म्हणाली. फडकं भिजवलं, साडी सावरून उकिडवी बसली आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला खालच्या बाजूला पुसायला लागली. मी मागे उभी. ग्रीसचा थर निघाला आणि खाली अक्षरं दिसली. 'सौ. कमल'. मी जवळजवळ ओरडलेच, "आहे! आई, आहे नाव!" पप्पांनी मोठ्याने श्वास सोडला. म्हणाले, "बघ. उगाच त्या हरूवर संशय घेत होतीस."

आई उठली नाही. तिने फडक्याचं कोरडं टोक घेऊन परत पुसलं. मीही वाकून बघितलं. सगळं लोखंड जुनं, तपकिरी, आणि अक्षरं मात्र कालच नाव घातलेल्या ताटावरच्यासारखी चकचकीत. आणि बाजूला, इंजिनावर, एक फूल आणि दोन पानांची वेल.

टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या पेटीत काय होतं ते मला तेव्हा कळलं.

आई पप्पांकडे न बघता म्हणाली, "अहो, बाबांनी नाव घातलंच नव्हतं."

बाजूच्या गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. हरू अंकल हळूच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "साईं, मी बोललो होतो तुला. मी बोललो होतो, भाभी को बोल दे."

"बाबा इंजिनाला कुणाला पान्हासुद्धा लावू द्यायचे नाहीत," आई म्हणाली, "ते त्यावर छिन्नी मारतील? मी आपलं बोलून बघितलं. म्हटलं, घाबरून तरी सांगतील. तर तुम्ही नाव घालून आणलंत! वेलबुट्टी काढून!"

पप्पा तिथेच, टायरवर, मटकन बसले. मग सगळं बाहेर आलं. मी अगदी लहान असताना ते ऑफिसातल्या मित्रांना घेऊन बारवी धरणावर गेले होते. येताना गाडी तापली, तरी अजून थोडं, अजून थोडं करत दामटत राहिले. बदलापूरच्या अलीकडे धाड करून आवाज झाला आणि आजोबांच्या इंजिनाला उभा तडा गेला. गाडीत पाणीच नव्हतं. धरणावरून येत होते, पाणी खात्यात नोकरी, आणि रेडिएटरमध्ये थेंब नाही! हे सांगताना पप्पांना स्वतःलाच हसू फुटलं आणि मध्येच ते रडायला लागले. टेम्पोला बांधून गाडी इथे आणली. हरू अंकलनी बाजारातून दुसरं, कुठल्या तरी गाडीचं जुनं इंजिन आणून बसवलं आणि कुणाला न सांगायची शपथ घेतली. घरी सांगितलं, गाडी रंगाला दिलीय. संशय नको म्हणून खरंच रंगही दिला. "बाबा जिवंत होते तेव्हा," पप्पा म्हणाले, "त्यांना काय तोंड दाखवणार होतो मी? आणि तुला? तुला तर... एक दिवस गेला, मग दुसरा गेला. मग सांगायची सोयच राहिली नाही."

"आणि आमचं इंजिन?" आईने हरू अंकलना विचारलं.

"भंगार में गया, भाभी. उसी साल. माफ करा."

आईने मान हलवली. डोळे भरले होते तिचे, पण आवाज सरळ होता. "रंग लावून गाडी आणलीत ना, त्या दिवशी सगळी गल्ली रंग बघत होती. मी आत चुलीपाशी होते. शिवमंदिराच्या वळणावर गाडी आली, मला ओळखू आली नाही. तुम्ही दारात उभे आणि तवा गार. तेव्हाच कळलं मला." मग ती पप्पांकडे वळली. "बाबा डोळ्यांच्या ऑपरेशनला आले होते आठवतं? तुम्ही त्यांना गाडीने आणलंत. डोळ्यांना पट्टी, तरी उतरल्यावर माझा हात धरून म्हणाले, कमल, ही माझी गाडी वाजत नाही. मी म्हटलं, विचारू का त्यांना? तर म्हणाले, नको. लाजलाय तो. आपण होऊन सांगेल. मी वाट बघत बसले, हो. इतकी वर्षं ताटावर बसवून ठेवलं तुम्हाला, भूक लागल्यावर तरी बोलाल म्हणून. तुम्ही कांदा खात बसलात!"

पप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी आयुष्यात त्यांना तसं बघितलं नव्हतं आणि परत बघितलंही नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्याला घेऊन रिक्षातून जातानाचा त्यांचा घाबरा चेहरा आठवत होता. या माणसाने खोटं लपवायला काय केलं, तर बायकोचं नाव काढलं. दुसरं काही सुचलंच नाही त्यांना. आज पप्पा नाहीत, तरी त्यांच्याबद्दल विचार करायला बसले की मला हाच प्रसंग पहिला आठवतो, आणि त्यांच्यावर रागवायचं राहूनच जातं.

शेवटी हरू अंकल चाचरत म्हणाले, "तो भाभी, अब क्या? डिझेल टाकू? हे तर तसं पण बाबांचं नाही."

पप्पाही नाक पुसत म्हणाले, "हो. तू म्हणशील ते. टाकूनच देऊया हे. मला बघवत नाही."

खरं तर तेच बरोबर होतं. ज्याच्यासाठी आई भांडत होती ते इंजिन केव्हाच भंगारात गेलं होतं. समोर होतं ते कुणाचं तरी टाकून दिलेलं, त्याची आम्हाला ना ओळख ना देख. मी म्हटलं, आता आई हो म्हणणार. ती परत खाली वाकली. त्या वेलबुट्टीवरून तिने अंगठा फिरवला, घरी परत आलेल्या वाटीवर फिरवायची तसाच.

"नाव घातलेलं भांडं मी कधी मोडीत दिलंय?" ती म्हणाली. "बांधा हेच."

हरू अंकलनी ते इंजिन महिनाभर लावून बांधलं. आई अधूनमधून कंपनीतून सुटून तिकडे जायची, बाहेर काढलेले पार्ट एकेक करून उजेडात धरून बघायची, आणि हरू अंकल तिला म्हणायचे, "भाभी, माझ्या गॅरेजात चेकिंगला या, कंपनी सोडा." ज्या दिवशी ते पहिल्यांदा चालू केलं, त्या दिवशी ती तिथे होती. डोळे मिटून ऐकत उभी राहिली. मग मला घेऊन रिक्षाने पुढे निघून आली. म्हणाली, "तुम्ही या सावकाश."

संध्याकाळी मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. सवयीने पप्पांसाठी जरा जास्तच घेतला होता. बाहेर रिक्षा, स्कूटर, टेम्पो, सगळे आवाज होते, मला त्यातलं काही वेगळं कळलं नाही. आईने मात्र मान वर केली, तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. पप्पा आत आले, हात धुतले, आणि पाटावर बसायला वाकले तर ताटात भाकरी होती. टम्म फुगलेली, वाफ निघत असलेली. ते तसेच अर्धे वाकून बघत राहिले.

"आज आधीच?" ते म्हणाले.

आईने दुसरी भाकरी तव्यावर टाकली. "आवाज ओळखीचा वाटला," म्हणाली. "बसा, गार होईल."